दहावीचे गणित आणि घरातली माणसे

संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की ज्या घरात दहावीचे मूल आहे त्या घराचे वळण बदलते. टीव्हीवर कापड पडते, मोबाइल वडिलांच्या खिशात जाऊन बसतो आणि आलेल्या पाहुण्यांची ओटीवरच हळू आवाजात बोलून बोळवण होते. भाषांचे आणि समाजशास्त्राचे काय ते होऊन जाईल, असा घराला एक भरवसा असतो. धास्ती असते ती गणिताची. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या आमच्या पट्ट्यातील मराठी घरांत ही धास्ती थोडी अधिकच आढळते. तशी ती का, हे पुढे ओघाने येईल. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांनाही त्यात आपल्या घरची काही ओळख पटेल, असे वाटते.

आम्ही गणिताचे शिक्षक नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. तीस-बत्तीस वर्षे बँकेत खतावण्या जुळवल्या, त्या जोरावर आम्हांला गणित येते असा आमचा समज होता. हा समज गेल्या वर्षी एका पंधरा वर्षांच्या मुलीने दूर केला. तिला शिकवता शिकवता आम्हीच पुष्कळ शिकलो. त्यातले जे आमचे चुकले आणि जे पुढे साधले, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवत आहोत.

मुलगी आमच्याच गल्लीतली. वडील कागलच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात, आई घरी विड्या वळते. शाळा मराठी माध्यमाची. पूर्वपरीक्षेत गणितात ८० पैकी ११ गुण पडले आणि त्याच रात्री घरात बोलणे निघाले की नापास झाली तर पुढे शिकवण्यात अर्थ नाही, चांगले स्थळ आले तर पाहावे. दुसऱ्या दिवशी आई आमच्या दारात आली. म्हणाली, "काका, पोरगी गणिताची वही उशाला घिऊन झोपती, पर वही उघडायला हात धजत न्हाई तिचा. तुमी जरा बघा की." एका विषयातील गुणांवर एका मुलीचे सगळे पुढचे आयुष्य टांगले गेले होते. आम्ही होकार दिला.

पहिले आठ दिवस आम्ही तिला, आम्हांला आमच्या मास्तरांनी शिकवले तसे शिकवले. म्हणजे फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवायचे, मग तिला करावयास सांगायचे आणि अडली की म्हणायचे, "अगं, एवढं साधं येत नाही?" नवव्या दिवशी ती आली नाही. दहाव्या दिवशीही नाही. संध्याकाळी पुन्हा आईच आली. बिचारी संकोचाने बोलत होती. "काका, राग मानू नका. तुमी लई जीव तोडून सांगतासा. पर तुमी आवाज चढवला की तिला पुढचं कायबी ऐकू येत न्हाई म्हणती." आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. ती गेल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आपल्या मुलालाही तुम्ही असेच शिकवलेत. त्याने विषय सोडला, ही सोडू पाहते आहे." या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्या रात्री आम्हांला भास्कराचार्यांची आठवण झाली. इसवी सन ११५० च्या सुमारास त्यांनी 'लीलावती' रचली. तिच्यातील उदाहरणे विचारताना ते एखाद्या बालिकेला किंवा सुंदर नेत्रांच्या तरुणीला लाडाने हाक मारतात आणि मग कमळांची, भुंग्यांची, हंसांची गणिते घालतात. त्यांचे मूळ गाव विजापूरचे, की चाळीसगावजवळच्या पाटण परिसरातले, यावर दोन्ही राज्यांतील अभ्यासकांचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. सीमेवरच्या माणसांना असल्या वादाचे नवल नाही. पण त्यांच्या जन्मगावावर हक्क सांगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्यांची विचारण्याची रीत उचलली? आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तो आचार्य गणित घालण्याआधी मुलीला प्रेमाने हाक मारतो, आणि आम्ही "एवढं साधं येत नाही?" असे दरडावतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः तिच्या घरी गेलो आणि झालेल्या गोष्टीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. त्या दिवशी पुस्तक उघडलेच नाही. तिला म्हटले, चार अंकी एक संख्या मनात धर, चारी अंक सारखे नसावेत. ते अंक आधी मोठ्यापासून लहान असे मांड, मग उलट मांड आणि वजाबाकी कर. येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच कर. तिने जी संख्या घेतली ती सीमाभागातील घरांत लहानपणापासून कानी पडणारी: १९५६. तिने वहीत मांडले. ९६५१ वजा १५६९ बरोबर ८०८२. मग ८८२० वजा ०२८८ बरोबर ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आम्ही म्हटले, आता आणखी एकदा कर. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. आता कितीही वेळा केले तरी हीच संख्या येणार. तिने दुसरी संख्या घेतली, तिसरी घेतली. सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक वेळी ६१७४ हजर. देवळालीच्या एका शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ही गंमत शोधली आणि आज जगभर ही संख्या त्यांच्या नावाने ओळखली जाते, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "शाळेतल्या सरांनी?" त्या प्रश्नात प्रथमच कुतूहल होते. गुणांच्या दृष्टीने त्या संध्याकाळचा उपयोग शून्य. पण भीतीखेरीज दुसरी एखादी भावना गणिताच्या वहीशी जोडली गेली, आणि आमच्या मते खरा आरंभ तिथून झाला.

आता सीमाभागाच्या खास अडचणींकडे येऊ. पहिली अडचण पुस्तकांची. आपल्याकडे कोल्हापूरचे किंवा गडहिंग्लजचे नातेवाईक मोठ्या मायेने महाराष्ट्रातली मार्गदर्शके आणि सरावसंच पाठवतात. मुलीच्या मामांनीही ते पाठवले होते. मुलगी महिनाभर त्यातूनच अभ्यास करीत होती! महाराष्ट्र मंडळाच्या दहावीत बीजगणित आणि भूमिती अशा ४० गुणांच्या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात. कर्नाटकात गणिताची एकच प्रश्नपत्रिका, ८० गुणांची, आणि २० गुण शाळेतील अंतर्गत मूल्यमापनाचे. अभ्यासक्रमही जुळत नाही. महाराष्ट्राच्या पुस्तकात अर्थनियोजनाचे प्रकरण आहे, ते आपल्याकडे नाही. उलट कर्नाटकातील पुस्तक राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या वळणाचे असल्याने वास्तव संख्या आणि बहुपदी यांची प्रकरणे आपल्या मुलांना दहावीत करावी लागतात. √५ ही अपरिमेय संख्या आहे हे सिद्ध करण्याचा प्रश्न आपल्या मुलांच्या वाट्याला येतो तो त्यामुळे. मामांच्या मायेचा मान राखून ती मार्गदर्शके आम्ही कपाटात ठेवली आणि कर्नाटक सरकारचे मराठी पाठ्यपुस्तक व मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिका एवढेच टेबलावर ठेवले. वाचकांना आमची विनंती आहे की, नातेवाइकांकडून पुस्तक आले तर मुलाच्या हाती देण्यापूर्वी अनुक्रमणिका ताडून पाहावी. वर्गसमीकरणाची किंवा त्रिकोणमितीची जादा उदाहरणे त्यातून अवश्य घ्यावीत, परंतु अभ्यासाचा पाया मात्र स्वतःच्या पुस्तकावरच घालावा.

दुसरी अडचण परिभाषेची. मराठी माध्यमाची मुले पदवीपूर्व वर्गात गेली की बहुधा इंग्रजी माध्यमात जातात. अनेक मराठी घरांतील मुले आरंभापासूनच कन्नड माध्यमात आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना पुस्तकातील शब्दच कळत नाहीत. यावर उपाय म्हणून आम्ही एका वहीत तीन रकाने आखले: मराठी, कन्नड, इंग्रजी. 'काटकोन त्रिकोणा'पुढे 'लंबकोन त्रिभुज' आणि त्यापुढे 'राइट अँगल्ड ट्रँगल'. 'बहुपदी'पुढे 'बहुपदोक्ति'. 'संभाव्यते'पुढे 'संभवनीयते'. काही शब्द तर दोन्ही रकान्यांत एकच: 'वृत्त' कन्नडात वर्तुळाला म्हणतात आणि तो शब्द आपल्यालाही परका नाही. 'सरासरी' तर दोहींकडे सरासरीच. एके दिवशी मुलगी वही पाहता पाहता म्हणाली, "काका, आपण कोन मोजतो आणि ते बाजू मोजतात, पण आकृती तीच." आपला त्रिकोण तीन कोनांचा आणि त्यांचा त्रिभुज तीन भुजांचा, ही गोष्ट साठ वर्षे दोन्ही भाषा ऐकूनही आमच्या ध्यानी आली नव्हती. ज्याला एकाच वस्तूची तीन नावे ठाऊक आहेत त्याने ती वस्तू तीनदा पाहिलेली असते. सीमेवर वाढणाऱ्या मुलाचा हा तोटा नव्हे. आपण मनावर घेतले तर ती त्याची पुंजी आहे.

आता प्रत्यक्ष अभ्यासाविषयी. पुष्कळ मुले गणित वाचतात. सोडवलेले उदाहरण पुस्तकात पाहतात, "कळले" म्हणतात आणि पान उलटतात. कळणे वेगळे आणि करता येणे वेगळे. पोहणाऱ्याकडे काठावरून पाहून कोणी पोहायला शिकत नाही. म्हणून आमच्याकडे नियम एकच होता: उदाहरण एकदा पाहा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर पहिल्यापासून करा. अडले तर पुन्हा पाहा, पुन्हा मिटा. तेच उदाहरण दोन दिवसांनी, मग आठ दिवसांनी पुन्हा करा. शिकलेले किती लवकर विसरते हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच दाखवून दिले होते. विसरू लागण्याच्या बेतात असताना आठवण काढली की ती अधिक पक्की बसते. आपल्या आज्या रोज दिवेलागणीला परवचा म्हणवून घेत. त्यामागचे तत्त्व यापासून फार दूर नव्हते.

दुसरी गोष्ट मिसळीची. मुले एका प्रकरणाची वीस उदाहरणे ओळीने सोडवतात. पाचव्यापासून पुढे हात आपोआप चालतो, डोके चालत नाही. परीक्षेत मात्र उदाहरणावर प्रकरणाचे नाव लिहिलेले नसते. रीत आपण ओळखायची असते. डग रोहरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवले आहे की निरनिराळ्या प्रकारची उदाहरणे सरमिसळ करून सोडवणारी मुले पुढील चाचणीत सरस ठरतात, जरी सराव करताना त्यांना ते अधिक अवघड वाटते. आम्ही चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक उदाहरण, सगळ्या एका डब्यात. रोज सहा चिठ्ठ्या काढायच्या. उदाहरण सोडवण्याआधी ते कोणत्या प्रकरणातले आणि कोणत्या रीतीचे, एवढे तिने तोंडाने सांगायचे. आरंभी तिला हे जड गेले. पंधरा दिवसांनी डबा ती स्वतः पुढे ओढू लागली.

तिसरी गोष्ट, चुकांची वही. पूर्वपरीक्षेचा पेपर घेऊन आम्ही प्रत्येक चुकीवर बोट ठेवले तेव्हा निम्म्याहून अधिक चुका अज्ञानाच्या नव्हत्याच. क्ष² − ७क्ष + १२ = ० हे समीकरण तिने सूत्राने सोडवले होते. सूत्रात क्षच्या सहगुणकाचे चिन्ह बदलून घ्यावे लागते. सहगुणक उणे ७, तेव्हा अधिक ७ घ्यावयास हवे होते. तिने उणे ७ तसेच ठेवले आणि उत्तर आले उणे ३ व उणे ४. बाकी सगळी रीत बिनचूक. आम्ही विचारले, ताळा पाहिलास? तिने पाहिला नव्हता. उणे ३ समीकरणात घालून पाहा. ९ अधिक २१ अधिक १२ म्हणजे ४२. शून्य यावयास हवे होते. आता अधिक ३ घाल. ९ वजा २१ अधिक १२ म्हणजे शून्य. अर्ध्या मिनिटाचे काम, पण तेवढ्यावर उत्तराचा न्याय होतो. आम्ही बँकेत दिवसाच्या शेवटी रोकड जुळल्याखेरीज घरी जात नसू. ताळा म्हणजे गणिताची रोकड जुळवणे. तिच्या वहीत चुकांचे चार प्रकार झाले: चिन्हाची चूक, नक्कल उतरवताना झालेली चूक, सूत्र न आठवण्याची चूक आणि मुळात न कळल्याची चूक. चौथ्या प्रकारासाठी आमच्याकडे यायचे. पहिल्या तिन्हींचा बंदोबस्त तिचा तिने करायचा. आपल्याला सगळेच येत नाही, हा तिचा समज त्या वहीने मोडला.

या सुमारास एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. अंकगणिती श्रेढी चालली होती. आम्ही उदाहरण घातले: वखारीत तंबाखूची पोती रचली आहेत, तळाच्या ओळीत १५, तिच्यावर १४, असे करत वरच्या ओळीत ४, तर पोती किती? मुलगी सूत्र आठवत होती. तिची आई तिला न्यायला आली होती, ती उंबऱ्यापाशी थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, "एकशे चौदा न्हवं का, काका?" आम्ही चकित झालो. विचारले, कसे काढलेत? ती म्हणाली, "खालची पंधरा आणि वरची चार, एकोणीस. त्याच्या आतली चौदा आणि पाच, तीबी एकोणीस. बारा वळी, म्हंजी सहा जोड्या. सहा एकोणीस चौदाशे." "चौदाशे?" "एकशे चौदा की वो." आणि हसली. चौथीपर्यंत शिकलेली ती बाई. हजार विड्यांचा दर, मुकादमाने बाजूला काढलेल्या विड्या, बचत गटाचे व्याज, हे सगळे हिशेब ती तोंडी करते. जर्मन गणिती गाउस याने शाळकरी वयात एकपासून शंभरपर्यंतची बेरीज अशाच जोड्या लावून केली, अशी आख्यायिका पुस्तकांतून सांगतात. आमच्या गल्लीतली ही बाई गाउसचे नावही ऐकून नव्हती.

मुलगी आईकडे टक लावून पाहत होती. त्या घरात आजवर एक वाक्य वारंवार म्हटले जात असे, "आमच्यात कुणालाच गणित येत न्हाई." ते वाक्य त्या संध्याकाळी खोटे ठरले. वाचकहो, हे वाक्य आपल्या कितीतरी घरांत म्हटले जाते. जणू गणित ही रंगासारखी किंवा उंचीसारखी रक्तातून उतरणारी गोष्ट आहे! पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ असणाऱ्या माणसांची आपण नातवंडे आहोत. आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यातील डी. सी. पावटे यांनी केंब्रिजला जाऊन गणितातील रँग्लर ही पदवी मिळवली आणि पुढे ते धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या मातीत गणित उगवत नाही असे कोणी म्हणू नये.

आईबापांच्या धास्तीविषयी एक शोध मुद्दाम सांगण्याजोगा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतील शिकागोच्या काही संशोधकांनी पहिली-दुसरीच्या मुलांची व त्यांच्या पालकांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या पालकांना स्वतःला गणिताची भीती होती आणि जे मुलांच्या गृहपाठात वारंवार लक्ष घालत, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. तसेच भित्रे पालक जेथे फारसे लक्ष घालत नव्हते, तेथे मात्र हा दुष्परिणाम दिसला नाही. ती मुले लहान होती, आपली पंधरा-सोळा वर्षांची आहेत. तरीही बोध घेण्यासारखा आहे. शेजारी बसून आपण जी धास्ती वाटतो ती मूल पहिल्यांदा शिकते, गणित मागाहून. गणित येत नसेल तर पालकाने शिकवण्याचा आव आणू नये. दूध गरम करून द्यावे, घड्याळ लावून पेपर सोडवायला बसवावे, रात्री वेळेवर दिवा मालवावा आणि शेजारच्या मुलाचे गुण घरात उच्चारू नयेत. हीसुद्धा मोठीच मदत आहे.

परीक्षेच्या शेवटच्या तीन आठवड्यांत आम्ही दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका सकाळी दहा वाजता, परीक्षेच्याच वेळी सोडवून घेतली. आरंभीची पंधरा मिनिटे प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी असतात. त्या वेळी मुले घाबरून इकडेतिकडे पाहतात. आम्ही तिला सांगितले की या पंधरा मिनिटांत मनातल्या मनात प्रत्येक प्रश्नावर खूण कर: हा येतो, हा प्रयत्नाने येईल, हा शेवटी पाहू. मग येणारे प्रश्न आधी लिहून टाक. थेल्सचे प्रमेय आणि बाह्यबिंदूतून वर्तुळाला काढलेल्या स्पर्शिकांच्या समान लांबीचे प्रमेय ही दोन्ही आकृती, पक्ष, साध्य, सिद्धता अशा क्रमाने न पाहता लिहिता आली पाहिजेत. आलेख काढताना पेन्सिलीला टोक हवे. आणि उत्तर येत नसले तरी जेवढ्या पायऱ्या येतात तेवढ्या लिहाव्यात, कारण पायऱ्यांनाही गुण असतात. कोरे पान मात्र कोणत्याही परीक्षकाला गुण देण्यास भाग पाडू शकत नाही. अलीकडे परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे आले आहेत, तेव्हा कोणाच्या आधाराने तरून जाण्याचे दिवस संपले. आमच्या मते हे मुलांच्या हिताचेच झाले.

आणखी एक गोष्ट अनेक पालकांना अजून नीट ठाऊक नाही. कर्नाटकात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात दहावीच्या एकाच वर्षात तीन परीक्षा घेण्यास सुरुवात झाली. पहिल्या परीक्षेत एखादा विषय राहिला किंवा गुण कमी पडले तर त्याच उन्हाळ्यात पुन्हा बसता येते आणि ज्या परीक्षेतले गुण अधिक तेच धरले जातात. हे मुलीच्या वडिलांना समजावून सांगण्यासाठी आम्ही मुद्दाम त्यांच्या सुट्टीच्या दिवशी गेलो. आम्ही म्हटले, "एका सकाळच्या तीन तासांवर पोरीचं लग्न ठरवू नका. सरकारनेच तिला तीन संधी दिल्या आहेत, बापाने एक तरी जादा द्यावी." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी नापास झाल्तो, काका. गणितातच. बाबांनी दुसऱ्या दिवशी कामाला लावलं." राग मुलीवर नव्हता तर. पंचवीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच गुणपत्रिकेला ते भीत होते. निघताना त्यांनी आम्हांला कोपऱ्यापर्यंत सोडले आणि म्हणाले, "बसू दे तिला पाहिजे तितक्यांदा."

परीक्षेच्या सकाळी ती पाया पडायला आली. आम्ही तिला एवढेच विचारले, "ताळा?" ती म्हणाली, "पाहीन." आई मागे उभी होती, तिच्या हातात दह्याची वाटी होती.

निकालाचा आकडा वाचकांना हवा असेल. तिला लेखी परीक्षेत ८० पैकी ४३ गुण पडले. वर्तमानपत्रात फोटो यावा असा हा निकाल नव्हे. पेढे मात्र साऱ्या गल्लीत वाटले गेले. तिने पदवीपूर्व वर्गाला वाणिज्य शाखा घेतली आणि हिशेबलेखनाच्या तासाला ती पुढच्या बाकावर बसते असे ऐकतो. स्थळाचे बोलणे त्या घरात पुन्हा निघालेले नाही. तीन रकान्यांची वही तिने धाकट्या भावासाठी जपून ठेवली आहे. तो आता आठवीत आहे.

आमच्या मुलाला आम्ही परवा दूरध्वनी केला. त्याचाही मुलगा पुण्यात यंदा दहावीला आहे. आम्ही म्हटले, गणितात अडला तर सुट्टीत आमच्याकडे पाठव. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही ओरडणार नसाल तर पाठवतो." आम्ही शब्द दिला आहे. तो पाळता येतो की नाही, हे नातूच ठरवील.